मागच्याची शिट्टी

"हे काय आहे, धामणे?"

"चकल्या."

"किती?"

"थोड्याशाच आहेत, मास्तर."

वारुंगसे मास्तरांनी माझा डबा तराजूत ठेवला. हा तराजू त्यांनी शेजारच्या चांडकांच्या किराणा दुकानातून खास या कामासाठी आणवला होता. "सव्वा किलो," त्यांनी जाहीर केलं. "आणि पाणी?"

"एक बाटली."

"म्हणजे तहान लागली की तू चकली पिणार."

माझ्या दुकानाच्या ओट्यावर जमलेले सगळे हसले. रस्त्याने जाणारा एक सायकलवालाही थांबून हसला आणि मग काय चाललंय ते विचारून पुढे गेला. सिन्नरमध्ये आमच्या मंडळाचा हा प्रकार आता सगळ्यांना ठाऊक झाला होता. डोंगरावर जायच्या दिवशी दुपारी सगळ्यांनी माझ्या चष्म्याच्या दुकानापुढे जमायचं, पिशव्या ओट्यावर रिकाम्या करायच्या आणि मास्तरांनी भर चौकात एकेकाची अब्रू काढायची. कोणाच्या पिशवीत साबण निघायचा, कोणाच्या पिशवीत इस्त्री केलेला शर्ट. चांडकांच्या पिशवीत एकदा छत्री निघाली होती, आणि तीही मे महिन्यात.

ही गोष्ट सत्तावीस वर्षांपूर्वीची. तेव्हा मोबाइल खिशात आले नव्हते आणि डोंगरावर हरवलेला माणूस खरोखर हरवायचा.

आमचं मंडळच मुळी त्यातून जन्माला आलं होतं. त्याच्या चार वर्षं आधी गावातली तीन कॉलेजातली मुलं एका कड्यावर अडकली आणि त्यांना शोधायला निम्मं सिन्नर निघालं. हातात काठ्या, पायात चपला, पाणी कोणाकडेच नाही. दुसऱ्या दिवशी मुलं आपापली घरी आली. शोधायला गेलेल्यांपैकी दोघं मात्र तिसऱ्या दिवशी सापडले. शोधायला गेलेल्यांत मास्तरही होते. ते परत आले ते तडक चौकात उभे राहिले आणि म्हणाले, "गाडी सोडायच्या आधी टायर बघतात. आपण सगळे टायर न बघता निघालो होतो. हे पुन्हा व्हायचं नाही."

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. एसटीत ड्रायव्हर आपल्या कंडक्टरला मास्तर म्हणतो, तसले हे मास्तर. अठरा वर्षं कंडक्टर, मग सिन्नर स्टँडवर वाहतूक नियंत्रक, आणि निवृत्त झाल्यावर आमच्या मानगुटीवर. डोंगर त्यांना डेपोसारखाच चालवायचा होता. पिशव्यांची तपासणी, जायच्या आधी तीन रविवार पाठीवर वजन घेऊन जवळच्या टेकडीवर सराव, दर थांब्याला आकडे मोजून हजेरी, दुपारी एकला जिथे असू तिथून परत. आणि या सगळ्यांच्या वर एक नियम होता, मागच्याच्या शिट्टीचा.

तो त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितला होता. "एसटी कोण चालवतं?"

"ड्रायव्हर," आम्ही एका सुरात म्हणालो.

"चूक. ड्रायव्हर नुसता हाकतो. गाडी हलते आणि थांबते ती मागच्याच्या घंटीवर. एक घंटी, थांब. दोन घंट्या, चल. ड्रायव्हर कधी मागे वळून विचारतो का, का थांबवली म्हणून? मागच्याला दार दिसतं, पायरी दिसते, लोंबकळणारा माणूस दिसतो. पुढच्याला ते दिसत नाही. म्हणून आपल्यातही शिट्टी मागच्याकडे. एक वाजली की थांबायचं, दोन वाजल्या की चालायचं. तीन वाजल्या की सगळ्यांनी मागे वळायचं आणि खाली गावात पोचेपर्यंत कोणी 'का' विचारायचं नाही. खाली आल्यावर शिट्टीवाल्याने कारण सांगायचं. ते वहीत लिहिलं जाईल."

मागचा माणूस म्हणजे मी. माझी निवड वगैरे झाली नव्हती. वजन अठ्ठ्याऐंशी किलो, चाल बैलगाडीची. दर वेळी मी मागेच सापडायचो, म्हणून मास्तरांनी शेवटी त्या जागेला पद करून टाकलं. चार वर्षांत मी तीन शिट्ट्या एकदाही वाजवल्या नव्हत्या. खरं सांगायचं तर हे सगळे नियम मला पोरखेळ वाटायचे, आणि मी ते मास्तरांच्या तोंडावर म्हणायचो. त्यांना माझा राग येत असेल, पण पिशव्या तपासायला त्यांना ओटा माझाच लागायचा.

त्या दुपारी तपासणी संपत आली तसा माझ्या बायकोने आतून चहा पाठवला. मी मास्तरांचा ग्लास त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला. ते फॉर्म गोळा करत होते. कोपर लागलं, ग्लास आडवा झाला आणि सगळा चहा फॉर्मांवर गेला.

"हा काय ग्लास ठेवायची जागा आहे, धामणे?"

"चांगला हाताशी ठेवलाय, मास्तर. या आत, नंबर तपासून देतो."

"माझ्या नजरेतून अठरा वर्षांत एक विनातिकीट सुटलेला नाही. तू तुझ्या चकल्या सांभाळ."

सगळे पुन्हा हसले. मी भिजलेले फॉर्म फडक्याने टिपले. हा फॉर्मही त्यांचीच करामत. टायपिंगच्या क्लासमधून छापून आणलेला, त्यात छाती, गुडघे, साखर, रक्तदाब, डोळे, कान अशा ओळी, आणि खाली ठळक अक्षरांत: आजार लपवणाऱ्यास एक वर्ष मंडळात प्रवेश नाही. चांडकांनी पहिल्या वर्षी रक्तदाब लपवला होता. सरकारी दवाखान्यात नर्स असलेल्या आमच्या कांचनताईंनी तो अर्ध्या चढावर पकडला आणि मास्तरांनी चांडकांना खरोखर वर्षभर घरी बसवलं. ते परत आले ते असे कट्टर होऊन आले की दोर वाहायचा मान त्यांनी मागून घेतला.

मास्तरांचा स्वतःचा फॉर्म टिपताना माझी नजर डोळ्यांच्या ओळीवर गेली. 'उत्तम' असं लिहिलं होतं. मला आठवलं, दोन वर्षांत ते एकदाही माझ्या दुकानात तपासायला बसले नव्हते. वाचायचा चष्मा त्यांनी परस्पर नाशिकहून आणला होता. चौकातला दुकानदार सोडून नाशिकला गेले म्हणून मी मनात थोडा रुसलोही होतो, बस.

संध्याकाळच्या एसटीने आम्ही उंबरवाडीला पोचलो. अकरा जण. मारुतीच्या देवळात झोपलो आणि सकाळी सहाला भैरवमाथ्याकडे निघालो.

भैरवमाथ्याबद्दल सांगायलाच हवं. मास्तर त्याच्या वाटेवरून तीनदा परत आले होते. पहिल्यांदा वारा होता, दुसऱ्यांदा आमच्यातल्या एकाचा घोटा मुरगळला, तिसऱ्यांदा माथा समोर दिसत असताना दुपारचा एक वाजला. तिन्ही वेळा परत फिरायचं मास्तरांनीच ठरवलं आणि तिन्ही वेळा ते खाली येऊन जेवले नाहीत. आता ते एकसष्टचे होते. त्यांच्या घरातल्या भिंतीवर त्या डोंगराचा त्यांनी स्वतः काढलेला नकाशा होता. या खेपेसाठी त्यांनी वर्षभर तयारी केली होती. पुढच्या वर्षीचं कोणी बोलत नव्हतं, तेही नाही. आम्हाला सगळ्यांना तो माथा आता मास्तरांसाठीच हवा होता.

जानेवारीची थंडी होती, आकाश स्वच्छ होतं, गवत पिवळं पडलेलं. पहिला तास मजेत गेला. मास्तर पुढे, मी मागे, मध्ये चांडकांची दोराबद्दलची व्याख्यानं. पहिल्या टप्प्यावर घाणेरीची एक फांदी वाटेवर डावीकडून आली होती. मास्तर तिच्यात सरळ शिरले. टोपी उडाली, गालावर ओरखडा आला.

"मास्तर, फांदीने तिकीट नाही काढलं," मी मागून ओरडलो.

त्यांनी टोपी उचलली आणि न बोलता चालू लागले. एरवी त्यांनी माझी बोलती बंद केली असती.

दुसऱ्या थांब्यावर कांचनताईंनी त्यांच्यासमोर पाण्याची बाटली धरली. त्या त्यांच्या डावीकडे उभ्या होत्या. मास्तर समोर बघत बसून राहिले. कांचनताईंनी दोन क्षण वाट पाहिली आणि हात मागे घेतला.

"आज फारच मोठे झालेत," त्या माझ्याजवळ येऊन पुटपुटल्या. "बघितलंसुद्धा नाही."

मी हसलो. आणि हसता हसता थांबलो.

मी डॉक्टर नव्हे, चष्मेवाला आहे. पण वीस वर्षं माणसांच्या डोळ्यांसमोर बसलेला चष्मेवाला. माणूस दारातून आत येतो तेव्हाच मला निम्मं कळतं. एका अंगाला कलून चालणारे, खुर्ची हाताने चाचपून बसणारे, समोरचं वर्तमानपत्र खडाखडा वाचणारे आणि तरी दाराच्या चौकटीला खांदा आपटणारे. या शेवटच्यांना मी चष्मा विकत नाही. त्यांना मी त्याच दिवशी नाशिकला डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवतो.

चहा, फांदी, बाटली. तिन्ही डावीकडे.

मी उठून मास्तरांच्या डाव्या बाजूला गेलो. संक्रांत नुकतीच झाली होती. बायकोने बांधून दिलेली गुळपोळी मी काढली आणि त्यांच्या कानापासून हातभर अंतरावर धरली. मास्तर गुळपोळीचे किती भोक्ते होते ते सांगायला नको. त्यांच्या बायको, आमच्या काकू, त्यांच्यापासून डबा कपाटात लपवून ठेवायच्या. मी पोळी हलवली. पुढे सरकवली. आणखी सरकवली. पार त्यांच्या गालाच्या रेषेत आली तेव्हा ते दचकले.

"काय करतोस, माकडा?"

"गुळपोळी देतोय."

"मग समोरून दे की."

त्यांनी पोळी घेतली आणि खाल्ली. अशी नजर एका दिवसात जात नाही. आणि इतकी गेली की ज्याची त्याला कळतेच.

मी त्यांच्याजवळ वाकलो. "मास्तर, डाव्या डोळ्याचं काय?"

"कशाचं काय?"

"किती दिवस झाले?"

त्यांनी माझ्याकडे पूर्ण मान वळवून बघितलं. त्यांना मान वळवावीच लागत होती, हेही मला आताच कळलं. "धामणे," ते हळू आवाजात म्हणाले, "तुझी जागा मागे आहे. मागे जा."

"पुढे आडवी वाट आहे, मास्तर."

"ती मला तुझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. मागे जा."

मी मागे गेलो. माझं मलाच नवल वाटलं. चार वर्षं ज्यांच्या प्रत्येक नियमाची मी टर उडवली त्यांचं मी शहाण्या मुलासारखं ऐकलं. मला त्या माणसाचा फार लळा होता आणि धाकही तेवढाच होता. तोवर मी तो स्वतःशीही कबूल केला नव्हता.

आडवी वाट म्हणजे कड्याच्या पोटातून गेलेली दोन वितींची पट्टी. जाताना उजव्या हाताला कातळ आणि डाव्या हाताला काहीच नाही. साठ-सत्तर पावलं चालायचं. आमची रीत अशी होती की मास्तरांनी आधी एकट्याने पलीकडे जायचं, दोर झाडाला बांधायचा, आणि मग तो दोर धरून बाकीच्यांनी एकेक करून यायचं. म्हणजे पहिल्या माणसाला आधाराचा दोर नाही. पहिल्या माणसाला फक्त त्याचे डोळे.

"मी जातो आधी," चांडक म्हणाले. त्यांना काही माहीत नव्हतं, ते दर वेळी असंच म्हणायचे.

"तू दोर सोड हळूहळू," मास्तर म्हणाले आणि वाटेवर उतरले.

मी मागून बघत होतो. पहिली आठ-दहा पावलं बरोबर पडली. पाठच होती त्यांना वाट. मग एका ठिकाणी पट्टी आत वळते. तिथे त्यांचा डावा पाय कडेवर पडला, नुसत्या कडेवर. खालचा दगड सुटला. तो खाली पडल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला. मास्तर कातळाला टेकले. त्यांनी खाली बघितलंच नाही, कारण दगड सुटला तो त्यांना दिसलाच नव्हता. त्यांनी पुढचं पाऊल उचललं, पुन्हा तसंच, कडेकडेने.

ओरडावं तर ते दचकतील. जवळ जावं तर वाट एकाच माणसाची. मी गळ्यातली शिट्टी तोंडात धरली.

एक. दोन. तीन.

सगळा डोंगर थांबला. चांडकांच्या हातातला दोर तसाच लोंबत राहिला. नऊ माणसांनी माझ्याकडे बघितलं. मास्तरांनी नाही बघितलं. ते कातळाकडे तोंड करून उभे राहिले. अठरा वर्षं ज्या माणसाने मागून पुढच्याला थांबवलं होतं, त्याला आज पहिल्यांदा मागून कोणीतरी थांबवत होतं. माथा तिथून अर्ध्या तासावर होता. वारा नव्हता, सगळ्यांचे घोटे शाबूत होते आणि घड्याळात साडेनऊच वाजले होते.

ते वळणार नाहीत असं मला वाटलं. मनातल्या मनात मी भैरोबाला नारळ बोललो, शपथेवर सांगतो.

मग मास्तर वळले. एकेक पाऊल टाकत परत येऊ लागले. परतताना दरी त्यांच्या उजवीकडे होती आणि उजवीकडचं त्यांना नीट दिसत होतं. पावलं मधोमध पडत होती. ते आमच्यापर्यंत आले, चांडकांच्या हातातून दोर घेतला आणि गुंडाळायला लागले.

"पण झालं काय?" चांडक.

"खाली," मास्तर म्हणाले.

खाली यायला अडीच तास लागले. आमच्या मंडळाच्या इतिहासात इतके गप्प आम्ही कधी उतरलो नव्हतो. नियम होता ना. चांडक वाटेतल्या प्रत्येक दगडाला लाथ मारत होते, त्यातल्या निम्म्या लाथा मला उद्देशून होत्या. मी कांचनताईंना फक्त एवढंच म्हणालो, "मास्तरांच्या डाव्या बाजूने चला." त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं, मास्तरांकडे बघितलं आणि काही न विचारता पुढे गेल्या.

उंबरवाडीत भागूबाईंच्या पडवीत आमचं जेवण सांगितलेलं होतं. पिठलं-भाकरी, ठेचा, कांदा. भागूबाईंनी आम्हाला बघितलं आणि आत जाऊन चूल पेटवली. "आज लवकर आले की रे तुम्ही," त्या म्हणाल्या. "वर जाऊन आले का नुसते पाय लावून आले?"

मास्तरांनी पिशवीतून वही काढली, वाचायचा चष्मा लावला, पेनाचं टोपण उघडलं.

"बोल, धामणे. कारण."

उतरताना अडीच तास मी याचाच विचार करत होतो. खरं सांगावं तर ज्यांनी तो फॉर्म छापला, चांडकांना वर्षभर घरी बसवलं, त्यांचीच लबाडी भागूबाईंच्या पडवीत उघडी पाडायची. या माणसाकडे दुसरं काय होतं? मंडळ होतं आणि शब्द होता. मी ठरवलं, मास्तरांना एकट्याला नंतर गाठू. हाताला धरून दवाखान्यात नेऊ. पण इथे नाही.

"पोट," मी म्हणालो.

"काय?" चांडक.

"बिघडलं होतं. एकदम."

एकच गदारोळ झाला. दोघं-तिघं पोट धरून हसले, पण चांडकांच्या डोळ्यांत पाणी आलं ते हसण्याचं नव्हतं. "अरे, पोटासाठी अकरा माणसं खाली आणलीस? मास्तरांचा माथा घालवलास? झुडपं काय कमी होती का त्या डोंगरावर?"

"चकल्या," कोणीतरी म्हणालं. "सव्वा किलो."

मी मान खाली घातली. हसू दे. आयुष्यभर हसू दे.

"धामणे," कांचनताई शांतपणे म्हणाल्या, "इतकं बिघडलं होतं, तर उतरताना एकदाही थांबला नाहीत तुम्ही. अडीच तासांत."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागलो.

मास्तरांनी अजून काही लिहिलं नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते, मान पूर्ण वळवून. "अठरा वर्षं विनातिकीटवाल्यांचे चेहरे बघितलेत मी," ते म्हणाले. "खोटं बोलणारा कधी कंडक्टरकडे बघत नाही. खिडकीबाहेर बघतो. तिथे खिडकी नाही, कॅलेंडर आहे. इकडे बघ."

मी बघितलं.

मास्तरांनी लिहायला सुरुवात केली. एकेक अक्षर कोरून लिहायचे ते. लिहून झालं आणि त्यांनी मोठ्याने वाचलं, स्टँडवर गाड्यांची घोषणा करायचे त्या आवाजात.

"ठिकाण, भैरवमाथ्याची आडवी वाट. शिट्टी वाजवणारा, धामणे. कारण, वारुंगसे यास डाव्या डोळ्याने कडेचं दिसत नाही. काचबिंदू. दोन वर्षं माहीत आहे. फॉर्मवर 'उत्तम' लिहिलं. ते खोटं आहे."

आत चुलीवर भाकरी उलटल्याचा आवाज आला.

"औषध चालू आहे ना?" कांचनताईंनी विचारलं. त्यांचा आवाज नर्सचा होता.

"नाशिकला जातो. थेंब घालतो. गेलेलं परत येत नाही म्हणतात, उरलेलं राखायचं."

"काकूंना?"

"तिलाही नाही सांगितलं. वाटलं होतं, एकदा वर जाऊन आलो की सांगीन." मास्तरांनी वहीकडे बघितलं. "मी पडलो असतो ते एक. पण मी तुम्हाला जिथून नेतो तिथूनच तुम्ही पाऊल टाकता." मग त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली. "वारुंगसे. एक वर्ष मंडळात प्रवेश नाही. आजपासून. पुढे कांचनताई राहतील."

"मास्तर, तुमच्यासाठी नियम..." चांडक उठून उभे राहिले.

"तुला घरी बसवलं तेव्हा तू काय केलंस?"

"मी... शिव्या दिल्या तुम्हाला. चौकात."

"मग आताही दे."

चांडक पुन्हा खाली बसले.

"आणि धामणे," मास्तर म्हणाले, पेन अजून हातातच होतं, "सहा महिने."

"मला? मी काय केलं?"

"शिट्टी बरोबर वाजवलीस. कारण खोटं दिलंस. उद्या खरोखर कोणाचं पोट बिघडलं तर त्याच्यावर कोण विश्वास ठेवेल?"

"मास्तर, मी तुमच्यासाठी..."

"म्हणून सहा महिने. नाहीतर वर्ष होतं."

मग मात्र सगळे हसले, कांचनताई डोळे पुसता पुसता हसल्या, आणि भागूबाईंनी आतून पिठल्याचं पातेलं आणलं. मास्तर जेवले. डोंगराच्या पायथ्याशी त्यांना जेवताना मी पहिल्यांदा बघितलं. चांगल्या तीन भाकरी खाल्ल्या त्यांनी.

भैरवमाथ्यावर ते पुढेही कधी गेले नाहीत. पुढच्या जानेवारीत कांचनताई सगळ्यांना वर घेऊन गेल्या. आडव्या वाटेवर दोर चांडकांनी बांधला. मास्तर तेव्हा सिन्नरला घरी होते, त्यांची शिक्षा संपायला अजून सहा दिवस बाकी होते आणि ते सहा दिवस त्यांनी कोणालाही माफ करू दिले नाहीत.

पण मला त्या दिवसाचं आठवतं ते परतीच्या एसटीतलं. दुपारी चारची गाडी होती. मास्तर गाडीत चढले की नेहमी सर्वांत मागे बसायचे. सगळी गाडी नजरेखाली राहते म्हणायचे. त्या दिवशीही ते मागे गेले. मी मुद्दामच दोन बाकं पुढे बसलो. सहा महिन्यांची शिक्षा झालेल्या माणसाने शिक्षा करणाऱ्याशेजारी कशाला बसायचं?

"धामणे."

मी वळून बघितलं. मास्तर उजव्या बाजूच्या बाकावर खिडकीला टेकून बसले होते.

"इकडे ये. इथे बस. डावीकडं."

मी जाऊन बसलो. गाडी निघायच्या बेतात असताना एक बाई डोक्यावर कोंबड्यांचं खुराडं घेऊन चढली. कोंबड्या कलकलत होत्या, बाई त्यांच्याहून मोठ्याने ओरडत होती, आणि ती सगळी वरात आमच्याच दिशेने येत होती.

"मास्तर," मी हळूच म्हणालो, "डावीकडून एक बाई येतेय. खुराडं आहे."

"ऐकू येतंय मला," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "कान शाबूत आहेत माझे. जे ओरडत येत नाही ना, तेवढं सांगत जा."

पुढची नऊ वर्षं मी तेवढंच काम केलं.